यजमान रिट्झ

मार्च १८९८ मधली गोष्ट. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या मुदपाकखान्यात पोलीस शिरले, तेव्हा आत फ्रेंच आणि स्विस आचारी लांब पात्यांच्या सुऱ्या घेऊन उभे होते. त्यांच्या वस्तादाला, ओग्युस्त एस्कोफिएला, कंपनीने तडकाफडकी काढून टाकलं होतं. त्याच्याबरोबर हॉटेलचा सर्वेसर्वा सेझार रिट्झ आणि त्याचा उजवा हात लुई एशनार यांनाही. पोलिसांनी आचाऱ्यांना बाहेर काढलं आणि वर्तमानपत्रांना आयताच विषय मिळाला. पण तिघांना नेमकं कशासाठी काढलं, हे कंपनीने जाहीर केलं नाही आणि काढलेल्यांनीही कधी सांगितलं नाही. बड्या घरच्या गिऱ्हाइकांनी आपापली समजूत करून घेतली की मालकांचं आणि मॅनेजरचं पटलं नसेल. खरा प्रकार बाहेर यायला १९८० चं दशक उजाडावं लागलं.

त्याकडे येऊच. आधी हा रिट्झ कोण, ते पाहायला हवं. खोलीला लागून न्हाणीघर, नळाला रात्री-अपरात्री गरम पाणी, डोळ्यांवर न येणारा उजेड, गेल्या वेळी आपण काय मागवलं होतं ते लक्षात ठेवणारा वेटर: जगातल्या कुठल्याही महागड्या हॉटेलात आज या गोष्टी गृहीत धरल्या जातात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंधरा-वीस वर्षांत त्यांची घडी बसली. ती बसवणाऱ्यांत रिट्झ पहिला. त्यातल्या बऱ्याच गोष्टी दुसऱ्या कोणी ना कोणी आधी करून पाहिल्या होत्या. त्या एका छपराखाली आणून रोजच्या शिस्तीत बसवल्या त्याने.

स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात, डोंगराच्या कुशीतल्या नीडरवाल्ड या खेड्यात, २३ फेब्रुवारी १८५० रोजी एका शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. तेरावं मूल आणि शेंडेफळ. बारा वर्षांचा झाल्यावर बापाने त्याला सियाँ गावी शिकायला ठेवलं, पण अभ्यासात फारसं काही जमलं नाही. पंधराव्या वर्षी ब्रिग गावच्या एका हॉटेलात वाइन वाढायच्या कामावर तो उमेदवारीला लागला. तिथल्या मालकाने वर्षभरातच त्याला हाकललं आणि वर ऐकवलं की या धंद्याला अंगात काहीतरी उपजत असावं लागतं, ते तुझ्यात नाही. नाव काढणाऱ्या माणसाच्या चरित्रात असा एक मालक किंवा मास्तर असतोच. रिट्झच्या बऱ्याचशा गोष्टी त्याच्या बायकोने, मारी-लुईझने, १९३८ साली लिहिलेल्या चरित्रातून आल्या आहेत. तेव्हा त्या ऐकताना थोडी सूट धरायला हरकत नाही.

१८६७ साली पॅरिसमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. हजारो पाहुणे येणार म्हणजे हजारो हात लागणार. सतरा वर्षांचा रिट्झ तिथे पोचला. बूट पुसणं, सामान उचलणं, टेबलं लावणं, पडेल ते केलं. एका ठिकाणी फार बशा फोडतो म्हणून नोकरी गेली असंही सांगतात. शेवटी तो व्हॉयझँ या नामांकित रेस्टॉरंटात वेटर झाला. याच सुमारास प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला. शहरात बाहेरून दाणा येईना. घोडे खाऊन संपत आले, मग मांजरं, मग उंदीर, आणि मग प्राणिसंग्रहालयातली जनावरं खाटकांकडे जाऊ लागली. कॅस्टर आणि पोलक्स हे पॅरिसकरांचे लाडके हत्तीही सुटले नाहीत. १८७० च्या नाताळला, वेढ्याच्या नव्व्याण्णवाव्या दिवशी, व्हॉयझँने छापलेलं भोजनपत्र प्रसिद्ध आहे. त्यात हत्तीचं सूप आहे, भाजलेला उंट आहे, कांगारूचा रस्सा आहे, हरणाच्या सॉसमधली लांडग्याची मांडी आहे आणि भोवती उंदीर मांडलेलं मांजरही आहे. त्याच्या जोडीला तळघरातल्या उत्तमोत्तम वाइन. शहर उपाशी मरत असताना पैसेवालं गिऱ्हाईक मांजर खायलाही तयार होतं, फक्त ते चांदीच्या ताटात आणि रीतसर फ्रेंच नावाने यायला हवं होतं. या धंद्याचं याहून उघडंवाघडं दर्शन कुठे झालं नसतं.

पुढे व्हिएन्ना, नीस असं हिंडत तो १८७४ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या रिगी पर्वतावरच्या हॉटेलात मॅनेजर म्हणून आला. नुकतीच तिथवर दातेरी रुळांची आगगाडी झाली होती आणि सूर्योदय पाहायला श्रीमंत प्रवाशांची रीघ लागायची. एके दिवशी कडाक्याच्या थंडीत हॉटेलची गरम हवेची यंत्रणा बंद पडली, आणि चाळीस अमेरिकन पाहुणे जेवायला वर येत असल्याची तार आली. रिट्झने मोठ्या थंडगार दालनातली टेबलं हलवून लाल पडद्यांच्या लहान दिवाणखान्यात मांडली, कारण लाल रंग पाहिला की निम्मी थंडी पळते. शोभेच्या झाडांच्या तांब्याच्या कुंड्या रिकाम्या करून त्यांत स्पिरिट पेटवलं. भट्टीत विटा तापवून फलाणीत गुंडाळल्या आणि प्रत्येकाच्या पायाखाली एकेक दिली. जेवणाची सुरुवात वाफाळत्या सूपने, शेवट टेबलावरच पेटवलेल्या गोड धिरड्यांनी. पाहुणे खूष होऊन उतरले. ही कथा ल्युसर्नच्या ग्रँड हॉटेल नॅशनलच्या मालकांच्या, कर्नल फायफर यांच्या, कानावर गेली आणि काही वर्षांत रिट्झ त्यांच्या त्या आलिशान हॉटेलचा मॅनेजर झाला. डबघाईला आलेलं ते हॉटेल त्याने वर काढलं. उन्हाळा ल्युसर्नला, हिवाळा माँटे कार्लोला, असं त्याचं वर्ष ठरून गेलं. श्रीमंतांचे थवे ज्या दिशेला उडायचे त्या दिशेला त्यांचा यजमानही जायचा.

माँटे कार्लोला १८८४ साली प्रतिस्पर्धी हॉटेलने त्याचा आचारी पळवला. जागी आला एस्कोफिए. एक उत्तम मॅनेजर, एक उत्तम आचारी. दोघेही गरिबीतून, दोघेही पोरवयात कामाला जुंपलेले, आणि दोघांच्या डोक्यात एकच खूळ की जे आहे ते अजून सोपं, अजून स्वच्छ, अजून नेटकं करता येईल. एस्कोफिए १८७० च्या युद्धात फ्रेंच सैन्याचा आचारी होता. त्याने मुदपाकखान्याला पलटणीची शिस्त लावली. सॉसवाला वेगळा, भाजणारा वेगळा, भाजीवाला वेगळा, थंड पदार्थांचा वेगळा. एकाच थाळीवर चार हात चालले की पंधरा मिनिटांचं काम पाच मिनिटांत उरकतं. आरडाओरडा आणि शिवीगाळ बंद. भट्टीपाशी दारू प्यायची जुनी रीत बंद करून त्याने आचाऱ्यांना बार्लीचं पाणी प्यायला लावलं. आज मुंबईपुण्याच्या पंचतारांकित हॉटेलांत जी कामाची वाटणी दिसते ती थेट इथून आलेली आहे.

आता लंडन. रिचर्ड डॉयली कार्ट हा नाटकवाला. गिल्बर्ट आणि सुलिव्हन या जोडीच्या संगीतिकांनी त्याला बक्कळ पैसा दिला. त्याचं सॅव्हॉय थिएटर पूर्ण विजेवर उजळलेलं होतं, १८८१ सालात. अमेरिकेच्या दौऱ्यांत त्याने तिथली हॉटेलं पाहिली आणि लंडनची हॉटेलं त्याला लाजिरवाणी वाटू लागली. नाटकाच्या नफ्यातून त्याने थिएटरला लागूनच, टेम्सच्या काठी, सॅव्हॉय हॉटेल बांधलं. सगळीकडे वीज, मोठ्या लिफ्ट आणि सत्तरच्या आसपास न्हाणीघरं. त्याच काळात लंडनमधल्या एका मोठ्या हॉटेलात पाचशे पाहुण्यांना चार न्हाणीघरं होती म्हणतात. सॅव्हॉयचा नकाशा पाहून कंत्राटदाराने विचारलं की तुमचे पाहुणे पाण्यात राहणारे आहेत की काय, ही कथा लंडनमध्ये अजून सांगतात. ६ ऑगस्ट १८८९ रोजी हॉटेल उघडलं. इमारत अप्रतिम होती, कारभार मात्र रामभरोसे चालला होता. कार्टने बाडेन-बाडेनला रिट्झच्या हातचा पाहुणचार घेतलेला होता. काही महिन्यांत रिट्झ सॅव्हॉयचा मॅनेजर झाला आणि पाठोपाठ एस्कोफिए आला.

पुढच्या आठ वर्षांत या दोघांनी लंडनच्या उच्चभ्रूंची जेवायची सवय बदलली, आणि माझ्या मते रिट्झचं खरं मोठं काम ते हेच; न्हाणीघरं नंतर. तोवर लंडनमध्ये घरंदाज स्त्री चारचौघांत रेस्टॉरंटात जेवत नसे. पुरुष क्लबात जेवत, बायका घरी. रिट्झने ओळखलं की बायका आल्या तर खर्च वाढेल, मुक्काम वाढेल, आणि जेवणाचा समारंभ होईल. त्याने लेडी द ग्रे यांच्यासारख्या वजनदार स्त्रियांना हाताशी धरलं. रविवारच्या रात्रीच्या जेवणाला लंडनमध्ये मान आला तो सॅव्हॉयमुळे. पुरुषांना संध्याकाळचा पोशाख सक्तीचा झाला. एकटीदुकटी, सोबत पुरुष नसलेली स्त्री मात्र आत येऊ शकत नव्हती. म्हणजे दार उघडलं, पण किलकिलंच. वाद्यवृंद बसवला, जेणेकरून शेजारच्या टेबलावरचं बोलणं ऐकू येऊ नये आणि आपलं मोकळेपणाने चालावं. विजेचे दिवे नवे होते आणि त्यांच्या पांढऱ्याफटक उजेडात कोणाचाही चेहरा आजारी दिसायचा. रिट्झने दिव्यांवर रंगीत रेशमी शेड घातल्या.

इंग्रज गिऱ्हाइकांना फ्रेंच भोजनपत्र वाचता येत नाही आणि विचारायची लाज वाटते, हे एस्कोफिएच्या लक्षात आलं. त्याने चार किंवा अधिक जणांच्या मेजवानीसाठी ठरावीक दरात जेवण ठरवून द्यायची पद्धत काढली. यजमानाचं नाव आणि पाहुण्यांची संख्या कळली की पदार्थ तो स्वतः ठरवायचा आणि वहीत नोंद ठेवायचा, म्हणजे तेच लोक पुन्हा आले तर तीच थाळी समोर येणार नाही. प्रिन्स ऑफ वेल्सच्या मेजवानीत त्याने बेडकाच्या तंगड्या खपवल्या, त्या 'पहाटेच्या अप्सरांच्या मांड्या' अशा नावाने. ऑस्ट्रेलियन गायिका नेली मेल्बा सॅव्हॉयमध्ये उतरायच्या, तेव्हा पीच आणि व्हॅनिला आइस्क्रीमचा पदार्थ त्यांच्यासाठी सजला. 'पीच मेल्बा' पुढे आपल्याकडच्या इराण्यांच्या आणि आइस्क्रीमवाल्यांच्या यादीतही शिरलं.

आणि अशा भरभराटीत मार्च १८९८ उजाडला. हॉटेल भरलेलं, रेस्टॉरंटात जागा मिळत नाही, तरी मुदपाकखान्याचा नफा घसरतोय, हे संचालकांच्या ध्यानात आलं होतं. गुपचूप चौकशी बसली. १८९७ च्या केवळ सहा महिन्यांत ३,४०० पौंडांहून अधिक किमतीची दारू हिशेबातून गायब होती. रिट्झ स्वतःच्या नव्या हॉटेल कंपनीच्या भांडवलदारांना सॅव्हॉयच्या खर्चाने मेजवान्या देतो, असा कंपनीचा आरोप होता. एस्कोफिए माल पुरवणाऱ्यांकडून दस्तुरी घेत होता. बिल पूर्ण मालाचं, आत येणारा माल कमी, आणि फरकातला वाटा आचाऱ्याला. तिघांनी आधी कंपनीवरच दावा ठोकला. मग पुरावे समोर आल्यावर तो मागे घेतला, आणि जानेवारी १९०० मध्ये कबुलीपत्रांवर सह्या केल्या. रिट्झ आणि एशनार यांनी ४,१७३ पौंड भरले. एस्कोफिएवर निघालेली रक्कम ८,००० पौंड होती. त्याच्यापाशी तेवढे नव्हते, ५०० वर तडजोड झाली.

पुरवठादाराकडून दस्तुरी घेणं हा तेव्हाच्या फ्रेंच मुदपाकखान्यांचा रिवाजच होता, हे त्याच्या बाजूने सांगता येईल. कमी माल घेऊन पूर्ण बिल मंजूर करणं हा मात्र रिवाज नव्हता. ती चोरीच. मजा अशी की कंपनीनेही कबुलीपत्रं कपाटात कुलूपबंद ठेवली. सॅव्हॉयचं नाव ज्यांच्यामुळे झालं त्यांना चोर ठरवून सॅव्हॉयचाच तोटा होता. शिवाय सगळे राजेरजवाडे रिट्झच्या बाजूने. प्रिन्स ऑफ वेल्सने तर सॅव्हॉयमध्ये ठरलेली मेजवानी रद्द केली. त्यामुळे जगाने ही कहाणी, दुष्ट मालकांनी दोन कलावंतांना हाकललं, अशीच ऐकली.

बडतर्फीनंतर तीन महिन्यांच्या आत, १ जून १८९८ रोजी, पॅरिसच्या प्लास व्हाँदोमवर हॉटेल रिट्झ उघडलं. पैसा लावणाऱ्यांत मार्निए-लापोस्तोल हा मद्यवाला होता. त्याच्या संत्र्याच्या मद्याला 'ग्रँड मार्निए' हे नाव रिट्झनेच सुचवलं होतं. जुनी सरदारी हवेली, वास्तुकार शार्ल मेव्हेस. बाहेरचा दर्शनी भाग कायद्याने बदलता येत नव्हता, म्हणून सगळी करामत आत. दर खोलीला न्हाणीघर आणि टेलिफोन. भिंतींना कागद चिकटवायचा नाही, रंग द्यायचा, कारण रंग धुता येतो. लाकडी पलंगांत ढेकूण, म्हणून पितळेचे. जड मखमली पडद्यांऐवजी धुवायला सोपे पातळ पडदे. क्षयाची धास्ती असलेल्या त्या काळात स्वच्छता हीच ऐट आहे, हे त्याने हेरलं होतं. दिवाणखाना मुद्दाम लहान ठेवला, उगाच येऊन बसणारे बसू नयेत म्हणून. दिव्यांच्या शेडचा रंग ठरवायला बायकोला तासन्‌तास एका जागी बसवून वीजतंत्र्याकडून एकामागून एक रंग लावून पाहिले. तिच्या चेहऱ्यावर जो खुलला तो, फिकट जर्दाळू रंगाचा, पक्का झाला. उद्घाटनाच्या दिवशी टेबलं दोन सेंटिमीटर उंच वाटली म्हणून सगळी परत पाठवून पाय कापून आणवली, हीही मारी-लुईझचीच हकिकत. ही खरी नसली तरी माणसाच्या स्वभावाला शोभणारी आहे. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त या हॉटेलचा इतका नादी की शेवटच्या आजारात त्याला थंडगार बिअर हवी झाली तर तीही रिट्झमधूनच येई.

पुढच्याच वर्षी लंडनमध्ये कार्लटन हॉटेल सुरू झालं, एस्कोफिए पुन्हा भट्टीपाशी, आणि सॅव्हॉयची गिऱ्हाइकं इकडे. रिट्झ लंडन, पॅरिस, रोम असा सतत रेल्वेत. आपले पाय शेतकऱ्याचे, मोठे, असं त्याला वाटायचं आणि म्हणून तो मापापेक्षा लहान बूट घालायचा, असं म्हणतात. अशा बुटांत दिवसाचे अठरा तास उभं राहणाऱ्या माणसाचं काय होणार?

१९०२ च्या जूनमध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक होता, २६ तारखेला. हा राजा म्हणजे रिट्झचं जुनं गिऱ्हाईक. कार्लटनमध्ये महिनोन्‌महिने तयारी चालली होती, खोल्या केव्हाच भरलेल्या होत्या. २४ जूनला दुपारी बातमी आली: राजाचं अपेंडिक्स, तातडीची शस्त्रक्रिया, राज्याभिषेक बेमुदत पुढे. रिट्झने भरल्या जेवणघरात उभं राहून ते शांतपणे जाहीर केलं, रद्द होणारी आरक्षणं निस्तरायला घेतली, आणि त्याच दिवशी तो कोसळला. वय बावन्न. मन पुन्हा कधी ताळ्यावर आलं नाही.

राजा बरा झाला आणि ९ ऑगस्टला समारंभ पार पडला. त्यासाठी विलायतेला गेलेल्या हिंदी संस्थानिकांत कोल्हापूरचे शाहू महाराजही होते. मधल्या लांबलेल्या दिवसांत, २६ जुलै १९०२ रोजी, महाराज विलायतेत असतानाच करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा त्यांचा हुकूम निघाला. आपल्या इतिहासाला तो उन्हाळा या कारणाने आठवतो, हॉटेलांच्या इतिहासाला रिट्झच्या कोसळण्याने.

तोवर त्याने लावलेलं वळण जगभर चाललं होतं. १६ डिसेंबर १९०३ रोजी मुंबईत अपोलो बंदरावर जमशेटजी टाटांचं ताजमहाल हॉटेल उघडलं, विजेसह, लिफ्टसह, तुर्की हमामांसह. त्याचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य काम पुरं व्हायच्या आतच वारले आणि चेंबर्स या इंग्रज वास्तुकाराने ते तडीला नेलं. ताजच्या गौरवकथांत जमशेटजी असतात, घुमट असतो. वैद्यांचं नाव क्वचित येतं, ते यायला हवं.

कोसळल्यानंतर रिट्झ आणखी सोळा वर्षं जगला. १९०६ मध्ये लंडनला पिकॅडिलीवर, १९१० मध्ये माद्रिदला त्याच्या नावाची हॉटेलं उभी राहिली, पण तो बराच काळ स्वित्झर्लंडमधल्या शुश्रूषागृहांत होता. ऑक्टोबर १९१८ मध्ये तो गेला. पॅरिसचं हॉटेल आधी मारी-लुईझने आणि मग मुलगा शार्लने सांभाळलं; १९७९ मध्ये ते मोहम्मद अल फायद यांनी विकत घेतलं. लंडनचं कार्लटन दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यानंतर पुन्हा हॉटेल म्हणून उभं राहिलं नाही. त्याचं आणि रिट्झचं नाव जोडून अमेरिकेत जी हॉटेलं निघाली, त्यांची साखळी आता मॅरियट कंपनीच्या मालकीची आहे. तिचं एक हॉटेल २०१९ साली पुण्यात, येरवड्याला, गोल्फ मैदानाजवळ सुरू झालं.